थंडीत कढीपत्त्याची पानं गळतायत?

इंदापूरच्या मावशींनी गच्चीवरच्या कुंडीचा फोटो पाठवला. "मेला का रे कढीपत्ता?"

नाही मावशी! आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आला, की कढीपत्ता वाढ थांबवतो, पानं टाकतो. कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर गार होते, म्हणून फटका जास्त.

खरा घात पाण्याचा. झाड पाणी कमी पितं, आपण रोज ओततो. त्यात काळी माती ओल धरते, मुळं कुजतात. बोटभर खोल कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही ऊन आल्यावर.

कुंड्या उन्हाच्या भिंतीलगत जवळजवळ ठेवा. मातीवर उसाचं पाचट पसरा, बारामती-इंदापुरात त्याला काय तोटा! खत, छाटणी फेब्रुवारीत.

जास्वंद, एक्झोरालाही हेच. काही अडलं तर विचारा, फोटोसकट.