धाकाचं वजन

जोंधळा हुरड्यात आला की आमच्याकडे राखणीला माणूस बसवावाच लागे. मचाणावर उभं राहून गोफणीतून दगड भिरकवायचे, डबा बडवायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं. भोरड्यांचा थवा उठायचा, हवेत एक गिरकी घ्यायचा आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उतरायचा. बुजगावण्याचा धाक फार तर चार दिवस टिके. पाचव्या दिवशी त्याच्या मडक्याच्या डोक्यावर साळुंकी बसलेली असे.

कसलाही आवाज न होता शेत रिकामं झालेलं मी एकदाच पाहिलं. सकाळचे आठ वाजले असतील. विहिरीच्या अंगाने एक राखाडी पक्षी आला, टोकदार पंखांचा, आणि कणसांच्या जेमतेम वरून सरळ निघून गेला. त्याने कुणाला धरलं नाही. पण भोरड्यांचा अख्खा थवा मूठ आवळावी तसा एका गोळ्यात आवळला गेला आणि ओढ्यापलीकडे दिसेनासा झाला. दुपारपर्यंत एकही परतली नाही. राखणीच्या म्हाताऱ्याने गोफण खाली ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बहिरी व्हती."

हा शब्द मला पुढे भेटला तो थेट स्पेनमध्ये. अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र, आणि 'बह्री' म्हणजे समुद्राकडचा. हेच नाव फारसीतून, शिकारखान्यांच्या वाटेने, आपल्याकडे आलं आणि बहिरी झालं. तेच अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि स्पॅनिशमध्ये 'बहारी' झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस माद्रिदजवळच्या तोर्रेखोन हवाई तळावर एक मोहीम सुरू झाली, तिचं नावच 'ऑपरेशन बहारी'.

तोर्रेखोन हा तेव्हा स्पेन आणि अमेरिका या दोघांच्या वापरातला तळ होता. धावपट्टीच्या आजूबाजूच्या गवताळ माळावर छोट्या माळढोकांचे थवे उतरत. आपल्या माळढोकाच्या मानाने हा अगदी लहान पक्षी, कोंबडीएवढा. पण जेट इंजिनात असा एक जरी शिरला तरी पाती मोडतात, आणि हे थव्याने उठायचे. पक्ष्यांमुळे काय होऊ शकतं हे जगाने ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनला पाहिलं होतं. उड्डाण घेताच एक प्रवासी विमान स्टार्लिंगच्या थव्यात शिरलं आणि खाली कोसळलं. आतल्या ७२ जणांपैकी ६२ जण गेले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या भोरड्यांचेच चुलतभाऊ.

विमानतळावरही गोफणीचीच गत होते. गॅसची तोफ ठरावीक वेळाने धडाडते, पण पक्षी तिचा ताल ओळखून घेतात. ध्वनिमुद्रित आरोळ्या, प्लॅस्टिकचं घुबड, चमकणाऱ्या फिती, सगळ्यांना ते सरावतात, कारण या धमकीच्या मागून कधीच काही येत नाही. बहिरीच्या मागे मात्र खरंच काहीतरी असतं. उंचावरून झेपावताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. ही आकृती दिसताच पळायचं, हे त्या पक्ष्यांच्या रक्तातच आहे. पळण्यात जे कमी पडले त्यांचा वंश चाललाच नाही.

तोर्रेखोनची मोहीम हीच होती: शिकवलेले बहिरी ससाणे उडवून धावपट्टीवरची पाखरं पळवायची. तिचा सूत्रधार होता फेलिक्स रॉद्रिगेस दे ला फुएन्ते. शिक्षणाने दंतवैद्य, पण त्याचा जीव ससाण्यांत अडकलेला. स्पेनमध्ये ससाणे शिकवून उडवण्याची ही विद्या केव्हाच लोप पावली होती. विचारायला कुणी जाणता उस्ताद उरला नव्हता. तेव्हा त्याने मध्ययुगातल्या सरदारांचे शिकारग्रंथ उघडले आणि त्यांत लिहिल्याबरहुकूम पक्षी शिकवायला घेतले. एक हरवलेली कला माणूस निव्वळ पोथीवरून पुन्हा हातात आणतो, हे मला त्याच्या साऱ्या कीर्तीपेक्षा मोठं वाटतं. त्या काळच्या स्पेनमध्ये शिकारी पक्षी उपद्रवी ठरवून मारले जात आणि मारणाऱ्याला बक्षीस मिळे. हा माणूस हातावर ससाणा घेऊन टेलिव्हिजनवर आला आणि घराघरांत पोचला. पुढे तो देशाचा लाडका निसर्गकथाकार झाला. १४ मार्च १९८० रोजी, स्वतःच्या बावन्नाव्या वाढदिवशी, अलास्कात चित्रीकरण करताना विमान कोसळून तो गेला.

या विद्येचा गाभा तराजूत आहे. चामडी हातमोजा, डोळे झाकणारी टोपी, पायातल्या वाद्या आणि घुंगरू हे सगळं दिसायला देखणं, पण पक्षी परत येतो तो यांच्यामुळे नव्हे. ससाणा कुत्र्यासारखा माणसाळत नाही, धन्यावर जीव टाकत नाही. मोकळा सोडला की तो खरोखर मोकळाच असतो, आणि मुठीवर उतरतो कारण तिथे मांसाचा तुकडा हमखास मिळतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून रोज सकाळी पहिलं काम वजनाचं. काट्यावर पारड्याच्या जागी छोटी दांडी असते, पक्षी त्यावर उभा राहतो आणि आकडा वहीत उतरतो. सहा-सातशे ग्रॅमचा पक्षी असेल तर पंधरा-वीस ग्रॅमही इकडचे तिकडे होऊन चालत नाहीत. पोट भरलेलं असेल तर तो समोरच्या झाडावर जाऊन पंख साफ करत बसेल, तुम्ही दिवसभर शीळ घाला. जास्त खंगला तर उडण्याचं बळच राहणार नाही. थंडी पडली की आकडा वर सरकवायचा, कारण अंगाची ऊब राखण्यातच खाल्लेलं संपतं. न पचलेली पिसं आणि हाडं यांची गोळी पक्षी तोंडावाटे टाकतो. जाणता माणूस ती बोटांनी फोडून, वास घेऊन पाहतो आणि मगच ठरवतो की आज उडवायचा का.

पाखरं हाकलायच्या कामाला हे गणित आणखी नाजूक होतं. इथे शिकार व्हायला नको असते. भुकेला पक्षी पहिलंच कबूतर धरेल, खाली बसून ते खाईल, आणि त्या दिवसाचं काम तिथेच आटोपेल. म्हणून त्याला शिकारीच्या वजनापेक्षा जरा भरलेला ठेवतात. हाक मारली की येईल इतकी भूक हवी, जीव तोडून मागे लागेल इतकी नको. खालच्या कबुतरांना यातलं काही कळत नाही, त्यांना फक्त ती आकृती दिसते. धाकाचं वजन काढायचं झालं तर ते असं ग्रॅममध्ये निघतं.

विम्बल्डनची टेनिसची हिरवळ अनेक वर्षं याच हिशोबावर राखली गेली. तिथे कबुतरं गवताचं बी वेचायची आणि खेळ चालू असताना कोर्टावर उतरायची. रुफस नावाचा हॅरिस हॉक जातीचा नर पहाटे, फाटकं उघडण्याआधी, स्टेडियमच्या छपरांवरून फिरवला जाई. २०१२ साली स्पर्धेच्या दिवसांत तो गाडीतून चोरीला गेला आणि काही दिवसांनी सुखरूप सापडला. त्या बातमीने सारं इंग्लंड हळहळलं होतं. हॅरिस हॉक अमेरिकेतल्या कोरड्या प्रदेशांतला. शिकारी पक्ष्यांत विरळा असा त्याचा स्वभाव, तो टोळीने शिकार करतो. त्यामुळे माणसाची सोबत त्याला लवकर पटते, आणि शहरात, इमारतींच्या अडचणीत काम करायला तो बरा. बहिरीला मोकळं आकाश लागतं.

आपल्याकडे ही विद्या परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' मराठी वाचकाला माहीत असतो तो ओवीच्या उल्लेखासाठी, नाहीतर त्यातल्या खाद्यपदार्थांसाठी. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद आहे, म्हणजे ससाण्यांकरवी केलेली शिकार. पुढे मुसलमानी दरबारांतल्या मीरशिकारांनी आपली सगळी परिभाषा आणली. त्यांच्या बोलीत मादीला एक नाव आणि नराला दुसरं: मादी बाज तर नर जुर्रा, मादी शाहीन तर नर कोहिला. मादी चांगलीच मोठी असते, कामही वेगळं करते, तेव्हा दोघांना एका नावाने हाक मारणं त्यांना पटलं नसावं.

कबुतरांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६० च्या सुमारास ब्रिटनमधल्या शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की बहिरी फार माजल्या, आमची कबुतरं मारतात. सरकारने मोजणी लावली, ती डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे आली. निघालं उलटंच: बहिरी झपाट्याने संपत चालली होती. कारण पुढे उलगडलं. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे तिच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन घरट्यातच फुटत होती. अमेरिकेच्या पूर्व भागात तर ती उरलीच नाही. मग टॉम केड आणि त्यांच्याबरोबरचे लोक पुढे आले, तेही मुळात ससाणे उडवणारेच. पक्ष्याचं खाणं, आजार, रुसवे-फुगवे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून हजारोंनी आकाशात सोडली. १९९९ साली अमेरिकेने बहिरीचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससाणे पकडणं आणि पाळणं बंद झालं, आणि ते बंदच राहावं असं मला मनापासून वाटतं. इथे पिंजऱ्यात पैदास करण्याची परंपरा नाही. उद्या मागणी निघाली तर सह्याद्रीच्या कड्यांवरची शाहीन ससाण्याची घरटी पहिली लुटली जातील. शिवाय आपल्या विमानतळांवरचा मोठा धोका आहे घारीचा, म्हणजे शिकारी पक्ष्याचाच. तिच्यावर ससाणा सोडून उपयोग नाही. ती येते उघड्यावरच्या कचऱ्यासाठी आणि खाटीकखान्याच्या टाकाऊ मांसासाठी. ते झाकलं तरच ती दुसरीकडे जाईल. परदेशातही ज्या विमानतळांवर ससाणे उडतात तिथे गवताची उंची सांभाळतात, डबकी बुजवतात, अन्न उघड्यावर पडू देत नाहीत. रात्री, धुक्यात, पावसात ससाणा घरीच असतो, आणि चार दिवस तो दिसला नाही की पाखरांना ते समजतं.

आमच्या पुण्यातल्या इमारतीसमोर एक उंच मनोरा आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या टोकावर एक बहिरी येऊन बसू लागली, उत्तरेकडून आलेली पाहुणी. सकाळी ऊन अंगावर घेत तासभर बसायची. आमच्या खिडक्यांच्या कडांवर, एसीच्या पेट्यांवर वर्षानुवर्षं ठाण मांडलेली कबुतरं नोव्हेंबरपासून गायब झाली. जाळ्या, खिळ्यांच्या पट्ट्या, सगळं करून थकलेले शेजारी गच्चीवर येऊन दुर्बिणीतून तिला पाहू लागले. मनोऱ्याखाली एकदा मला तिची एक गोळी सापडली, वाळलेली, हलकी, आत राखाडी पिसं आणि एक बारीक गुलाबी कडी, कुणीतरी पाळलेल्या कबुतराच्या पायातली. ती कडी माझ्या टेबलावर आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मनोरा रिकामा दिसला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत घुमणं ऐकू आलं.