पोरगं सांभाळलं, पण सहलीला पाठवलं का?

‘माय मरो पण मावशी जगो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती नुसती बोलण्यापुरती नाही. खेड्यापाड्यांत ती खरी करून दाखवणारी माणसे आजही आहेत. बाप गेला, आई गेली, की पोर मावशीकडे, मामाकडे, चुलत्याकडे नाहीतर म्हाताऱ्या आजीकडे येते. चुलीवर दोन भाकरी जास्त भाजल्या जातात, शाळेत नाव घातले जाते आणि गाव म्हणते, ‘चला, पोर मार्गाला लागलं.’

खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

अशाच एका मुलाची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख छापताही येत नाही. सातवीतला पोरगा, मामाच्या घरी राहणारा. शाळेची सहल निघाली. वर्गातल्या पोरांनी पैसे भरले. हा गुरुजींना म्हणाला, ‘मला गाडी लागते.’ त्याला गाडी कधीच लागत नव्हती! सहलीचे त्याने घरी सांगितलेच नाही. शेजारच्या पोराकडून मामीला कळले. तिने विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, ‘माझ्यावर आधीच तुमचा लई खर्च होतोय.’

मामाकडे पैसे नव्हते असे नाही. सोयाबीन नुकतीच विकली होती. मनही मोठे होते. पण पोराने मागितले नाही आणि मामाने विचारले नाही. मधल्या मध्ये सहल गेली.

मागत नाही म्हणजे नको असते असे नाही

घरचे पोर हट्ट करते, रुसते, जत्रेत पाय आपटते. दुसऱ्याच्या घरात वाढणारे पोर हट्ट करत नाही. लोक कौतुक करतात, ‘किती शहाणं लेकरू आहे!’ पण हा शहाणपणा वयाचा नसतो, भीतीचा असतो. आपण जड झालो तर हे घरही सुटेल, असे त्याच्या मनात असते. म्हणून अशा पोराने मागायची वाट पाहू नये. सहल, कबड्डी, चित्रकलेची परीक्षा, स्नेहसंमेलन, वाचनालय या गोष्टी त्याच्यापुढे आपणच ठेवायच्या. घरच्या पोरालाही बरोबर पाठवावे, म्हणजे घरात दुजाभाव होत नाही.

पैसा कशासाठी येतो?

अशा मुलांसाठी राज्य शासनाची ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे. आई-बाप नसलेली, एकच पालक उरलेली किंवा घरच्या गंभीर आजारामुळे सांभाळ होत नसलेली १८ वर्षांखालील मुले तीत बसतात. पूर्वी एका मुलामागे दरमहा ११०० रुपये मिळत. २०२३ मध्ये ही रक्कम २२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे करायचा असतो आणि मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे तयार ठेवावीत. बरेच अर्ज मृत्यूच्या दाखल्यापाशीच अडतात. खेड्यात तो दाखला ग्रामपंचायतीतूनच मिळतो. तेव्हा ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, अशा घराला हेलपाटे घालायला लावू नयेत.

हप्ता पुढेमागे होतो, आणि आला की किराण्यात, खताच्या उधारीत मिसळून जातो. घर चालवणाऱ्याची अडचण खरी आहे. पण पैसा पोराच्या नावाने येतो. त्यातले शे-दोनशे रुपये तरी दर महिन्याला बाजूला काढून ते पोराच्या आवडीवर खर्च करावेत. रंगपेटी, खेळाचे बूट, परीक्षेची फी, एखादे पुस्तक. आणि ‘हे तुझे आहे’ असे त्याला सांगून द्यावे.

हे लाड नव्हेत

‘खेळून काय पोट भरणार?’ असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा पास झालेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतली मुले तिला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. गुरुजींनी वर्गात एकदा सूचना वाचून थांबू नये. ज्या पोराच्या मागे विचारणारे कोणी नाही, त्याचा अर्ज स्वतः भरून घ्यावा.

गुणांपेक्षाही एक मोठी गोष्ट आहे. कबड्डीच्या संघातला पोरगा चार दिवस दिसला नाही, तर संघ विचारतो, ‘कुठे गेला रे?’ लेझीम पथकातली पोरगी आली नाही, तर बाई घरी निरोप धाडतात. ज्याची कुठे गरज नाही, ते पोर शाळेतून गळाले तरी कोणाला कळत नाही. मग पोरगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो आणि पोरीचे १८ च्या आत हात पिवळे होतात. ‘परक्याची लेक, जबाबदारी उरकून टाकू’ असे म्हणणारी चार माणसे प्रत्येक गावात असतात. तिला विचारणारी चार माणसे असली, तर लग्नाची बोलणी वेळेत थांबतात. असे काही कानावर आले तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवावे.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. ती बसवावी आणि गावात अशी किती मुले आहेत याची यादी अंगणवाडी सेविका व मुख्याध्यापकांनी मिळून करावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून शाळेला खेळाचे साहित्य, वाचनालयाला मुलांची पुस्तके घेता येतील. ग्रामसभेत तसा विषय मांडावा.

एक पथ्य मात्र पाळावे. ‘अनाथ मुलांना साहित्यवाटप’ असा फलक लावून, पोरांना स्टेजवर उभे करून फोटो काढू नयेत. दप्तर फाटते, पण गावासमोर लागलेला शिक्का पुसत नाही. वस्तू शाळेला द्यावी, शाळा सगळ्यांबरोबर त्या पोराला देईल.

घरच्यांनीही एवढे बघावे. शेण काढणे, पाणी भरणे, गुरे वळणे हे काम घरच्या पोराला जेवढे, तेवढेच याला. संध्याकाळचा तासभर खेळायला मोकळा. स्नेहसंमेलनात त्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा मांडवात त्याच्या घरचे एक तरी माणूस बसलेले असावे. याला पैसा लागत नाही.

त्या पोराच्या मामाने पुढच्या वर्षी काय केले? सहलीची चिठ्ठी यायच्या आधीच शाळेत जाऊन पैसे भरले आणि घरी येऊन पोराला एवढेच विचारले, ‘डब्याला दशम्या देऊ का धपाटे?’

पोरगा म्हणाला, ‘दोन्ही.’

त्या घरातला त्याचा तो पहिला हट्ट होता.