बॅरलला मोकळं सोडा
रायफलचा नेम सुधारतो तो हँडगार्ड (बॅरलभोवतीचं हाताने धरायचं आवरण) आणि बॅरल या दोन भागांमुळे. दोघांची कामं मात्र वेगवेगळी आहेत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचा लष्करी तळ आहे. 1907 पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरत आल्या आहेत. त्यातल्या ‘सर्व्हिस रायफल’ प्रकारात लष्करी धाटणीचीच रायफल चालते. बरीच वर्षं तिथे जड, लांब पल्ल्याच्या एम-14 चा दबदबा होता. 1990च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकाने एम-16 हाती घेतली आणि थोड्याच वर्षांत चित्र पालटलं. नियमानुसार रायफलचं बाहेरचं रूप बदलायला मनाई होती, त्यामुळे ती दिसायला सैनिकाच्या खांद्यावरच्या रायफलसारखीच होती. बदल सगळे आत होते. बॅरल नवी, बारकाईने घडवलेली होती आणि नेहमीच्या प्लास्टिकच्या हँडगार्डखाली धातूची एक नळी दडवलेली होती. ही नळी मागे रिसीव्हरपाशी, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यापाशी घट्ट बसते, तिथून पुढे बॅरलला कुठेही टेकत नाही. नेमबाज या रचनेला ‘फ्री-फ्लोट’ म्हणतात.

एवढ्याशा मोकळ्या जागेने काय साधतं?

गोळी सुटते तेव्हा

घोडा ओढल्यानंतर गोळी बॅरलमध्ये साधारण एक सहस्रांश सेकंद असते. तेवढ्या वेळात चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या बॅरलच्या मागच्या भागात, दर चौरस इंचाला 50 हजार पौंडांहून अधिक दाब तयार होतो आणि पोलादाची ती जाड बॅरल अक्षरशः थरथरते. तिचं तोंड किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलतं. हे थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नसते. थरथर दर वेळी सारखी असली की पुरे, कारण मग गोळी दर वेळी तोंडाच्या त्याच स्थितीत बाहेर पडते. टाळ दोरीला धरून वाजवला की दर वेळी तोच नाद येतो, त्याच्या कडेला बोट लागलं की नाद बदलतो आणि बोट कुठे, किती जोरात लागलं यावर दर वेळी वेगळा बदलतो. बॅरलला लागणारा हात, पिशवी किंवा पट्टा असाच नडतो.

एम-16 आणि तिची नागरी बहीण एआर-15 यांच्या मूळ रचनेत नेमकी हीच अडचण आहे. हँडगार्डचे दोन अर्धे तुकडे मागे स्प्रिंग असलेल्या कड्यात आणि पुढे बॅरलवरच्या एका टोपीत अडकवलेले असतात. म्हणजे हँडगार्डवर पडलेला भार थेट बॅरलवर जातो. त्याहून मोठी गोची स्लिंगची, म्हणजे रायफलच्या पट्ट्याची. पट्टा अडकवायची कडी पुढच्या माशीच्या बैठकीखाली असते आणि ती बैठक बॅरललाच पिनांनी ठोकलेली असते. नेमबाज दंडाभोवती पट्टा आवळून बसला की तो बॅरल खाली ओढत असतो.

कॅम्प पेरीच्या क्रमात याचा फटका लगेच कळतो. 200 यार्डांवर आधी उभं राहून नेम धरायचा असतो, तेव्हा पट्ट्याचा आधार नसतो. मग त्याच अंतरावर बसून झटपट गोळ्या झाडायच्या, तेव्हा पट्टा घट्ट ताणलेला असतो. अंतर तेच, रायफल तीच, तरी मूळ हँडगार्ड असेल तर बसून मारलेल्या गोळ्या सहसा खाली उतरतात. पुढे 300 आणि 600 यार्डांवर पालथं झोपून पट्ट्याच्याच आधारावर नेमबाजी होते. 600 यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ 12 इंचांचं आणि त्यातलं सर्वांत आतलं 6 इंचांचं असतं. तिथे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी चूकही गोळीला सव्वासहा इंच बाजूला नेते. पट्ट्याची कडी फ्री-फ्लोट नळीवर आली की ओढ रिसीव्हर पेलतो आणि बॅरल त्यातून सुटते.

बॅरल बदलली की

फ्री-फ्लोटमुळे गोळ्यांचा ‘ग्रुप’ (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) जागचा हलत नाही. पण तो मुळात किती लहान असेल, हे बॅरल ठरवते. आतल्या पिळाच्या खाचा एकसारख्या आहेत का, चेंबर बॅरलच्या मध्याशी सरळ रेषेत आहे का, तोंडाची कड निर्दोष आहे का, यावर सगळी भिस्त असते. लष्करी बॅरल आतून क्रोमने मढवतात. ती गंजत नाही, जास्त टिकते. पण मुलामा सर्वत्र समान जाडीचा बसवणं अवघड असतं. म्हणून स्पर्धेसाठी बहुधा मुलामा नसलेली स्टेनलेस स्टीलची बॅरल घेतात.

दुसरी बाब पिळाची. व्हिएतनाम युद्धातल्या एम-16 च्या बॅरलमध्ये गोळी 12 इंचांत एक पूर्ण फेरी घेई. 55 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाच्या हलक्या गोळीला ते पुरत होतं. लांब पल्ल्यासाठी वापरतात त्या 77-80 ग्रेनच्या लांबट गोळ्या एवढ्या पिळावर हवेत डगमगतात. त्यांना 8 किंवा 7 इंचांत एक फेरी लागते. 80 ग्रेनची गोळी भरलेलं काडतूस तर इतकं लांब होतं की मॅगझिनमध्ये मावत नाही. 600 यार्डांवर ते एकेक करून हाताने भरतात. जुन्या पिळाच्या बॅरलवर कितीही उत्तम हँडगार्ड चढवला तरी या गोळ्या सरळ जाणार नाहीत.

बॅरल बदलणं या रायफलमध्ये सोपं आहे, त्याचं श्रेय यूजीन स्टोनर यांच्या रचनेला. चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचे दात अॅल्युमिनियमच्या रिसीव्हरमध्ये अडकत नाहीत, बॅरलच्याच मागच्या पोलादी भागात अडकतात. स्फोटाचा भार पोलादावरच राहतो आणि बॅरल एका मोठ्या नटाने रिसीव्हरला धरून ठेवता येते. तरीही हे काम जाणत्या कारागिराचंच. बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं अंतर गेजने तपासावं लागतं. ते चुकलं तर काडतुसाचं कवच फाटू शकतं. बॅरलमधला गॅस मागे नेणारी गॅस ट्यूब नटातून घासत गेली तर मोकळ्या बॅरलवर पुन्हा दाब येतो आणि केलेला खर्च वाया जातो.

आपल्या मातीत

अमेरिकेत संघीय कायद्याने क्रमांक असलेला रिसीव्हर म्हणजे शस्त्र. बॅरल सुटा भाग म्हणून घरपोच मागवता येते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच मानले जातात. त्यामुळे परवान्याशिवाय हे प्रयोग करायचेच नाहीत.

तत्त्व मात्र आपल्या नेमबाजांच्या रोजच्या सरावातलं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं. या प्रकारात दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं आणि गुडघ्यावर बसून व पालथं झोपून नेम धरताना पट्टा आवळलेला असतो. म्हणूनच स्पर्धेच्या .22 रायफलींची बॅरल अॅक्शनमध्ये घट्ट आणि पुढे मोकळी ठेवतात.

आपल्या रायफलची बॅरल मोकळी आहे का, हे पाहायला खर्च लागत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, कागदाची पट्टी बॅरल आणि दस्त्याच्या मधून तोंडाकडून मागे सरकवा. जिथे ती अडेल तिथे दोष. आधी तो दूर करा. त्यानंतरही ग्रुप मोठा येत असेल तर काडतूस बदलून पाहा, आणि मगच नव्या बॅरलचा विचार करा. हा क्रम पाळणाऱ्या नेमबाजाला टार्गेटवरची प्रत्येक चूक रायफलची की स्वतःची, हे ठामपणे सांगता येतं, आणि खरा सराव तिथून सुरू होतो.