भुताच्या गोष्टीचा उरलेला भाग

२०२४ च्या पितृपक्षात भुताचा सिनेमा गर्दी खेचत होता. हा योग कुणी जुळवून आणला नसेल, पण जुळला खरा. १३ सप्टेंबरला, शुक्रवारी, घरोघरी गणपती बसलेले असताना ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात आला आणि पितरांचे दिवस सुरू झाले तरी हलायचं नाव घेत नव्हता. २०१८ मध्ये पहिल्या दिवशी त्याने सुमारे ६५ लाख कमावले होते. २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी दीड कोटीच्या पुढे, तीन दिवसांत सात कोटींवर. तेव्हाची सगळी कमाई साडेतेरा कोटींच्या आसपास होती, ती या वेळी दुसऱ्या आठवड्यात मागे पडली.

यावरून एक लाडकी कहाणी सगळीकडे फिरली. तेव्हा आपल्या अडाणी प्रेक्षकांना हा सिनेमा कळलाच नाही, आता ते शहाणे झाले, म्हणून पश्चात्तापाची तिकिटं काढताहेत. मला ही कहाणी पटत नाही. २०१८ च्या पहिल्या तीन दिवसांत सव्वातीन कोटी आणि शेवटी साडेतेरा, म्हणजे त्या तीन दिवसांच्या चौपट. जाहिरातीच्या जोरावर चालणारे सिनेमे दुसऱ्या सोमवारी झोपतात. हा तोंडी चर्चेवर चालला. आठवडाभर आधी ‘अंधाधुन’ लागलेला, सहा दिवसांनी ‘बधाई हो’ येऊन बसलेला, त्यात याला पडदे मिळाले तेवढेच मिळाले. प्रेक्षकाला कळलं होतं. त्याच्या गावात लागला नव्हता, एवढंच.

कटंगीत तर लागायचा प्रश्नच नव्हता. बालाघाट जिल्ह्यातलं हे आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे. मोठा पडदा बघायचा तर गोंदिया नाहीतर थेट नागपूर गाठायचं. त्यामुळे इथल्या बहुतेकांनी ‘तुंबाड’ प्राइम व्हिडिओवर पाहिला, तोही फोनवर, आणि अनेकांनी एकाच फोनवर तिघाचौघांत. २०२४ मध्ये त्यातलीच काही पोरं भाड्याची गाडी करून नागपूरला गेली. शेवट पाठ, त्यातला राक्षस हस्तर कुठून येतो ते पाठ, आजीचं काय होतं ते पाठ. दचकायला काहीच शिल्लक नसताना माणूस भीतीच्या सिनेमाला पैसे का मोजतो? माझ्या मते कमाईच्या आकड्यांपेक्षा हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

त्याचं उत्तर सिनेमाच्या बांधणीत आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ रूढ अर्थाने कथासंग्रहासारखा चित्रपट नाही, पण आहे तो तीन गोष्टींचा: १९१८ ची, १९३३ ची आणि १९४७ ची. पहिली आजीची, दुसरी विहिरीची, तिसरी बापलेकाची. प्रत्येकीला स्वतःचा पाऊस, स्वतःचा हव्यास आणि स्वतःचा शेवट. मोठ्या हिंदी सिनेमाच्या हिशेबात किरकोळ वाटेल अशा पैशांत तो झाला. २०१२ मध्ये चित्रीकरण, मग पुन्हा चित्रीकरण, पडद्यावर यायला २०१८. त्या वर्षी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेलेला तो पहिला भारतीय चित्रपट. मोहम्मद समद या एकाच मुलाने नायकाचा मुलगा पांडुरंगही केला आणि ती साखळदंडातली आजीही. हे कळल्यावर माझ्या ओळखीच्या एका बाईंनी सिनेमा मुद्दाम परत पाहिला, हात ओळखता येतात का ते बघायला.

पण मला सगळ्यात आवडतो तो या सिनेमाचा उगम, आणि तो आमच्या शेजारचा आहे. बर्वे यांनी सांगितलेली हकिगत अशी: १९९३ मध्ये ते मित्राबरोबर नागझिऱ्याच्या जंगलात गेले होते आणि तिथे रात्री त्या मित्राने नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. नागझिरा म्हणजे भंडारा-गोंदियाचं जंगल. कटंगीहून निघालं तर मध्ये राज्याची सीमा आणि वैनगंगा, बस. गोष्ट होती ‘आजी’. तिचीही पूर्वपीठिका आहे, कारण धारपांनी ती स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ या कथेवर बेतली होती. अमेरिकेतली म्हातारी पुण्यात मराठी झाली, तिथून तोंडी नागझिऱ्यात आली आणि पुढे श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं गावाचं नाव घेऊन कोकणात जाऊन बसली. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर एक वाचक किंवा श्रोता आहे आणि प्रत्येकाने गोष्ट मिळाली तशी परत न करता आपला तुकडा जोडून पुढे दिली आहे.

भीतीच्या गोष्टीवरची प्रेक्षकाची खरी प्रतिक्रिया ही असते, असं माझं मत होत चाललं आहे. किंचाळणं, हसणं, उठून जाणं हे वरवरचं. श्रोता पुढची गोष्ट सांगायला लागला की समजावं, गोष्ट लागली.

(जाता जाता: राही हे कादंबरीकार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आठवत असेलच. त्यांचं ‘अकरा कोटी गॅलन पाणी’ चासनालाच्या खाण दुर्घटनेवरचं. आमच्याकडे तिरोडी, भरवेलीच्या मँगनीज खाणीत राबलेल्या घरांमध्ये जमिनीखालच्या काळोखाची भीती ही काही करमणूक नाही. ‘तुंबाड’मधल्या त्या विहिरीच्या पोटातल्या लालसर खोलीला इथे वेगळी दाद मिळते, ती कदाचित यामुळे.)

प्रेक्षकाने भयपट घडवल्याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण रामसे बंधूंचं. १९७० मध्ये त्यांच्या वडिलांनी ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला, तो पडला. पण एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, तेवढ्यापुरता थिएटरात चेव यायचा. रामसेंच्या पोरांनी पडद्याकडे पाहायचं सोडून प्रेक्षकांकडे पाहिलं. तेवढाच भाग बघायला लोक येताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९७२ मध्ये महाबळेश्वरात, घरचीच माणसं हाताशी धरून, ‘दो गज ज़मीन के नीचे’ तयार झाला. पुढे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाज़ा’. समीक्षकांनी नाकं मुरडली. ज्यांच्यासाठी काढले होते त्यांनी मुरडली नाहीत.

ते सिनेमे कटंगीत कसे पाहिले जायचे, याचे एक जाणकार गावात आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचा व्हीसीआर भाड्याने देण्याचा धंदा होता. आता त्याच जागी मोबाइलचं दुकान आहे. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या आदल्या रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी असा रात्रभराचा ठराव असायचा. चार कॅसेटींचा क्रम तेच लावायचे आणि त्यात त्यांचं शास्त्र होतं. पहिला देवाचा किंवा घरगुती रडका, म्हणजे म्हाताऱ्या बायका खूश. दुसरा मारामारीचा. भुताचा तिसरा, तोही दोनच्या सुमारास, लहान पोरं लवंडल्यावर आणि थंडीने माणसं एकमेकांना चिकटल्यावर. चौथा गाण्यांचा, कारण भुतानंतर लगेच घरी जायला कुणी उठत नसे. भुताचा पहिला लावला तर लोक हसतात आणि शेवटी लावला तर झोपतात, हे त्यांचं ठाम मत. दुसरं निरीक्षण त्याहून बारीक. भूत दिसल्यावर लोक बोलायला लागतात. भूत दिसायच्या आधी अख्खं अंगण गप्प असतं. म्हणून कॅसेट खराब झाली, पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, तरी ऐन वेळी ते ती लगेच काढत नसत. त्या मुंग्यांतही लोकांना काहीतरी दिसायचं म्हणे.

पटकथा शिकवणाऱ्या कुठल्या संस्थेत हे शिकवत असतील तर मला माहीत नाही. पण चार वेगवेगळे सिनेमे एका रात्रीत ओवणारा हा माणूस कथामालिकेचा दिग्दर्शकच होता, आणि आज जे चार-चार लघुकथांचे भयपट काढतात त्यांना क्रमाचं हे भान क्वचितच असतं.

त्या प्रकाराची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. चार गोष्टींचा सिनेमा पाहून माणूस बाहेर आला की तो सिनेमाबद्दल बोलत नाही, क्रम लावतो. दुसरी मस्त, पहिली बरी, शेवटची बोअर. २००३ च्या ‘डरना मना है’चं हेच झालं. जंगलात अडकलेले मित्र शेकोटीभोवती गोष्टी सांगतात, अशी चौकट आणि आत सहा गोष्टी. नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय गाडीतून जातात ती, आणि सिगारेट ओढणाऱ्याला धडा शिकवणाऱ्या बोमन इराणीची, या दोन गोष्टी लोकांना अजून आठवतात. त्यातली सफरचंदांची गोष्ट निघाली की आमच्याकडे अजून बाजारात थट्टा होते. बाकीच्या कुणाला धड सांगता येत नाहीत. सत्यजित राय यांनाही हे चुकलं नाही. ‘तीन कन्या’ परदेशात गेला तेव्हा मधली भुताची ‘मणिहारा’ वगळली गेली आणि तिकडच्या प्रेक्षकांनी दोनच कन्या पाहिल्या. संग्रहातली गोष्ट काढून टाकता येते, हा तिचा शाप आहे.

नेटफ्लिक्सवर २०२० च्या पहिल्याच दिवशी आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज़’ची तीच तऱ्हा. चार नामवंत दिग्दर्शक, पैशांची चणचण नाही, आणि निकाल एका दुपारीत लागला: दिबाकर बॅनर्जींची गोष्ट उचलली गेली, करण जोहरची पडली. बॅनर्जींच्या गोष्टीत बिसघरा नावाचं लहान गाव आहे आणि शेजारचं मोठं सौगढ. मोठ्या गावाची माणसं लहान गावाच्या माणसांना खातात. दिल्ली-मुंबईत याचा राजकीय अर्थ लावण्यात बराच मजकूर खर्ची पडला. कटंगीत अर्थ लावायची गरज पडली नाही. दाखला काढायला, दवाखान्यात, कॉलेजला आणि आता सिनेमालाही मोठ्या गावाला जाणाऱ्या माणसाला सौगढ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. फोनवर ती गोष्ट संपल्यावर पोरांनी आपल्या भागातल्या कोणत्या गावाने कोणतं गाव खाल्लं याची यादीच सुरू केली. क्रम लावणं थांबलं, जोडणं सुरू झालं.

‘तुंबाड’नंतरही हेच ऐकू येतं. हा सिनेमा मराठी माणसांचा, वाडा मराठी, हव्यास मराठी, बोली मात्र हिंदी. पुण्यातल्या माझ्या मित्रांना ते खटकलं. आमच्याकडे घरात पोवारी नाहीतर मराठी आणि शाळेत हिंदी, हे काही नवीन नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी बालाघाटची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी गोष्ट हिंदीत ऐकणारा तयार प्रेक्षक या सिनेमाला इथे मिळाला, आणि त्या प्रेक्षकाने लगेच आपली भर घातली. कुणाच्या आज्याने शेतात पुरलेला हंडा, कुणाच्या बांधावरचा मुंजा, रात्री तिरोडीहून सायकलने येताना लागलेला चकवा. धारपांवर आणि रत्नाकर मतकरींवर वाढलेला मराठी वाचक याहून वेगळं काय करत होता? गूढकथा वाचून झाल्यावर ‘आमच्याकडे एक असं झालं होतं’ म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असायचा.

या भर घालण्याला काळी बाजूही आहे, ती लपवणं बरं नाही. भूत सांगता सांगता गोष्ट चेटकिणीवर येते, आणि चेटकीण बहुतेक वेळा गावातलीच एखादी एकटी बाई असते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला. इकडे मध्य प्रदेशात तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून ‘लपाछपी’सारखा सिनेमा मला जास्त जबाबदार वाटतो. विशाल फुरिया यांनी उसाच्या फडात भूत बसवलं, पण दोष ठेवला तो पोटच्या मुली मारणाऱ्या घरावर. हिंदीत ‘छोरी’ झाला तेव्हाही तो तसाच राहिला. अशा गोष्टीला प्रेक्षक जे जोडतो, त्यात बाईला डाकीण ठरवायला जागा उरत नाही.

पुनःप्रदर्शनासोबतच ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. पहिल्याचे नायक आणि निर्माते सोहम शाह तो काढणार आहेत; बर्वे यांनी शुभेच्छा देऊन अंग काढून घेतलं आहे. पैसे अर्थात जास्त असतील. मला त्याची फारशी उत्सुकता नाही. उत्सुकता आहे ती कमी पैशांत तीन-चार गोष्टी बांधून आणणाऱ्या पोरांची. मोबाइलवर असे प्रयोग करणारे हौशी विदर्भात काही कमी नाहीत. त्यांना माझी एकच सूचना. पहिला खेळ नागपूरच्या मल्टिप्लेक्समध्ये लावू नका. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे मंडप पडतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री हजारो माणसं पहाटेपर्यंत घोंगड्या पांघरून बसलेली असतात. तिथे एक पडदा टांगा, नाहीतर सीमा ओलांडून इकडे या. भुताची गोष्ट दोनच्या सुमारास लावा. आणि मध्यंतर एकच ठेवू नका. प्रत्येक गोष्टीनंतर दिवे लावा आणि पंधरा मिनिटं लोकांना आपापसांत बोलू द्या. चहावाल्याचाही धंदा होईल.