आधी ओळख, मग फोटो

पौषातली यमाईची यात्रा. औंधच्या रस्त्यावर बांगड्यांची, भांड्यांची, मेवामिठाईची दुकानं लागलेली. गर्दीत एक परदेशी मुलगी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होती. हळदी-कुंकवाचे ढीग मांडून बसलेल्या एका आजींसमोर तिनं कॅमेरा उचलला, तसा आजींनी पदर तोंडावर ओढला. मला म्हणाल्या, ‘‘माझा फुटू तिकडं न्हिऊन काय करनार हाय ही?’’

मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत प्रश्न पोचवला. मुलगी ओशाळली. कॅमेरा पिशवीत टाकून आजींजवळ जमिनीवरच बसली. पुड्या बांधायला लागली. त्या तिला धड जमेनात, तशा आजी खुदकन हसल्या. मग आपणच म्हणाल्या, ‘‘काढ आता.’’

तेव्हा मला मेरी एलन मार्क आठवली. ही अमेरिकन छायाचित्रकार. १९४० साली फिलाडेल्फियात जन्मली, २०१५ मध्ये गेली. १९६८ मध्ये ती पहिल्यांदा मुंबईच्या फॉकलंड रोडवर गेली. देहविक्रय करणाऱ्या बायकांची ही वस्ती. या रस्त्याचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षच्या शाहिराचं!

तिथं मेरीचं स्वागत कसं झालं? बायकांनी अंगावर कचरा आणि पाणी फेकलं. भोवती पुरुषांची गर्दी जमायची. एका दारुड्यानं तर तिच्या तोंडावर मारलं. दहा वर्षं ती येत राहिली आणि दर वेळी हेच! बायकांचं तरी काय चुकलं? दिवसभर येणारा-जाणारा त्यांना टक लावून बघायचा. त्यात आणखी एक डोळा, तोही काचेचा!

ऑक्टोबर १९७८ मध्ये ती पुन्हा आली. रोज त्याच रस्त्यावर उभी राहायची, तिथल्याच हॉटेलात जाऊन बसायची. ही रोजच दिसते म्हटल्यावर बायकांचं कुतूहल जागं झालं. हळूहळू कुणी बोलायला लागलं, कुणी घरात बोलावलं. तीनेक महिन्यांत तिनं त्यांचं रोजचं जगणं टिपलं: नटणं, वाट बघणं, थकवा, एकमेकींची माया. ती रंगीत छायाचित्रं १९८१ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि जगभर गाजली.

पण आजींचा प्रश्न इथंही उरतोच. पुस्तकात त्या बायकांचे चेहरे स्पष्ट दिसतात. फोटोला त्यांनी ‘हो’ म्हटलं असेलही, पण तो सातासमुद्रापलीकडं कोण कोण बघणार, याची कल्पना त्यांना कितीशी असणार? मेरीची चिकाटी आणि माया मला खरी वाटते, तरी हा प्रश्न काही मनातून जात नाही.

आता तर कॅमेरा आपल्याच मुठीत आलाय. मुलाकडं, लेकीकडं परदेशी गेलेल्या आपल्या मैत्रिणी तिथल्या बाजाराचे, बागेत खेळणाऱ्या गोऱ्या गोबऱ्या पोरांचे फोटो काढतात आणि लगेच ग्रुपवर टाकतात. कौतुकच असतं ते. पण जर्मनीत माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, असा कायदा १९०७ पासून आहे. गर्दीच्या, सोहळ्याच्या फोटोंना सवलत आहे, पण एकट्या माणसाला विचारावंच लागतं. आणि कायदा नसला म्हणून काय झालं? आपल्या नातवाचा फोटो कुणी परक्यानं न विचारता काढलेला आपल्याला चालेल का?

त्या मुलीनं जाताना माझा पत्ता लिहून घेतला होता. ‘फोटो नक्की पाठवते,’ म्हणाली होती. पुढच्या पौषात आजी त्याच जागी बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, ‘‘आला का गं माझा फुटू?’’

फोटो आला नव्हता. मी मान हलवली. पण घरी आल्यावर स्वतःचाच मोबाईल उघडला. किती जणींना ‘पाठवते हं’ म्हणून मीच विसरले होते!