प्रॉक्सीला किती ठाऊक असतं?

२००० नंतरच्या काही वर्षांत ज्यांनी नोकरी सुरू केली, त्यांना ‘ॲक्सेस डिनाइड’चं पान चांगलंच आठवत असेल. क्रिकेटचा स्कोअर उघडायला जावं आणि समोर ते हजर! त्यामागचा वॉचमन म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर. पण बॉस, अडवणं हे त्याचं एक काम झालं. खरी कमाल होती साठवण्यात.

गणित बघा. समजा, ४० जणांच्या ऑफिसला २५६ केबीपीएसची लाइन. सगळी एकट्याला मिळाली तरी सेकंदाला जेमतेम ३२ केबी. म्हणजे ३ एमबीची फाइल दीड मिनिट खाणार आणि ४० जणांनी घेतली, की तास गेला! प्रॉक्सी काय करायचा, पहिल्याला फाइल देतानाच तिची एक कॉपी आपल्या डिस्कवर ठेवायचा. उरलेल्या ३९ जणांना ती ऑफिसच्या आतल्याच १०० एमबीपीएस नेटवर्कवरून, चुटकीसरशी. बाहेरच्या लाइनला पत्ताही नाही.

१९९६ साली आलेलं ‘स्क्विड’ हे यातलं गाजलेलं फुकट सॉफ्टवेअर. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कधी ३१२८ हा आकडा भरला असेल, तर तो स्क्विडचा नेहमीचा दरवाजा.

पण कॉपी शिळी झाली तर? वेबसाइट फाइलसोबतच सांगू शकते, की ही किती वेळ ताजी समजायची. दुधाच्या पिशवीवरची तारीखच म्हणा ना! तारीख उलटली, की प्रॉक्सी मूळ सर्व्हरला विचारतो, ‘मधे काही बदललं का?’ उत्तर ‘३०४’ आलं, म्हणजे जुनंच चालेल. डिस्क भरली, की बरेच दिवस कुणी न मागितलेलं सामान आधी बाहेर.

साठवता साठवता तो वहीही लिहितो. किती वाजता, कुठल्या मशीनवरून, कुठलं पान. साध्या एचटीटीपीच्या काळात नोकरीच्या साइटवर तुम्ही काय शोधलंत, तेसुद्धा त्यात यायचं.

मग एचटीटीपीएस पसरलं. जुलै २०१८ मध्ये क्रोमनं साध्या साइट्सवर ‘नॉट सिक्युअर’चा शिक्का मारायला सुरुवात केली. आता पाकीटच बंद, तर कॉपी कशाची काढणार? प्रॉक्सीला दिसतं फक्त वरचं साइटचं नाव. (साठवणीची युक्ती मात्र जिवंत आहे. २०१५ च्या विंडोज १० पासून अपडेट शेजारच्या पीसीकडून घेता येतं.)

म्हणजे सुटलो? थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कंपनी स्वतःचं सर्टिफिकेट टाकू शकते. मग प्रॉक्सी मधेच पाकीट उघडतो, तपासतो, नवं चिकटवून पुढे देतो आणि ब्राउझर कुरकुरही करत नाही. व्हायरस पकडायला, डेटा बाहेर जाऊ नये म्हणून हे करतात. कारण पटण्यासारखं आहे, पण तुमचा बँकेचा पासवर्डही त्याच वाटेनं जाऊ शकतो! काही कंपन्या बँकांच्या साइट्स वगळतात, पण ते तुम्हाला कुणी सांगेलच असं नाही.

ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये साइटचं सर्टिफिकेट उघडा आणि ते कुणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्याच कंपनीचं किंवा एखाद्या सिक्युरिटी प्रॉडक्टचं नाव दिसलं, तर होम लोनचा ईएमआय सरळ स्वतःच्या फोनवरून भरा. ऑफिसचं वायफाय असलं तरी चालेल, फोनमध्ये कंपनीचं सर्टिफिकेट नसलं म्हणजे झालं. बँकेचं नाव मात्र वहीत येऊ शकतं.