दुःखाने आलेली झोप

येशूच्या अटकेच्या रात्री शिष्यांना झोप लागली, हे मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही सांगितले आहे. ती का लागली, हे मात्र एकट्या लूकने सांगितले. जेरुसलेमबाहेर, किद्रोन ओढ्यापलीकडे, जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने आहे. नावाचा अर्थ तेलाचा घाणा. पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहायला सांगून येशू थोडा पुढे जाऊन प्रार्थना करू लागला. परत आला तर तिघेही झोपलेले. असे तीनदा झाले. मार्क म्हणतो, त्यांचे डोळे जड झाले होते. लूक म्हणतो, ते दुःखाने झोपले होते.

हे कारण मी बरीच वर्षे नुसते वाचून पुढे जात असे. मी ख्रिस्ती नव्हे, वारकरी घरातला. एकादशीचा जागर लहानपणापासून केलेला. टाळ-मृदंग चालू असतात, शेजारचा पेंगणाऱ्याला कोपराने ढोसतो. जागे राहणे तिथे कठीण नसते. आईच्या शेवटच्या आजारात मात्र इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या मला गाढ झोप लागली. नर्सने हलवून उठवले तेव्हा उजाडले होते आणि आई गेली होती. थकवा होता म्हणून लोक समजूत घालत. खरे म्हणजे मला ते पाहायचे नव्हते. लूकचे ते कारण मला त्यानंतर कळले.

मूळ ग्रीकमध्ये मत्तय आणि मार्क यांनी वापरलेले क्रियापद ‘ग्रेगोरेइते’ असे आहे, म्हणजे जागे राहा. ग्रेगरी हे नाव त्याच धातूतले. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही प्रार्थना आणि जागे राहणे यांची जोडी येते. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर कॅथलिक चर्चमध्ये रात्री उशिरापर्यंत मौन बसण्याची प्रथा आहे, ती याच रात्रीच्या स्मरणाची. वसईतही ती पाळतात. तिथे टाळ नाहीत. आपल्या जागरात नि या जागरणात मला दिसणारा मुख्य फरक हाच: इथे झोपेला कारण दुःखच आहे आणि तिच्याशी झगडायचे तेही एकट्याने.

संकटात जागे राहणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे मराठीतले उत्तम उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. 1874 च्या सुमारास, दुष्काळात, वडील, आई आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. स्वतःची उपासमार विसरून जाणे त्यांना सोपे गेले असते. पण त्या आठवणीनेच त्यांना उठवले. पुण्यात प्लेग होता, म्हणून नव्या मुलींना केडगावच्या शेतावर झोपड्यांत ठेवावे लागले. तिथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले.

प्रार्थना हा तिथला रोजचा क्रम होता; पण प्रार्थना केली म्हणून डोळे मिटले, असे झाले नाही. 1897 मध्ये आपल्याकडची एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेल्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारी व्यवस्थेविरुद्ध उघड पत्र लिहिले आणि तो विषय लंडनच्या पार्लमेंटापर्यंत गेला. ‘ईश्वरेच्छा’ म्हणून गप्प बसणे हीसुद्धा एक झोपच. ती त्यांनी घेतली नाही.

मुक्तीबद्दल लिहिणारे बहुधा 1905 च्या जूनपाशी रेंगाळतात. मुलींचे रडणे, मोठ्याने चाललेल्या सामूहिक प्रार्थना, सगळीकडे पोचलेली त्याची वार्ता. मला ते महिने कमी महत्त्वाचे वाटतात. उत्साहात जागे राहणारे पुष्कळ असतात, आमच्या एकादशीतही. अवघड काळ आला तो 1921 मध्ये. सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा, ती मुलगी मनोरमा जुलैमध्ये वारली. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या, आणि कानांनी फार पूर्वीच दगा दिलेला. याच बहिरेपणामुळे त्यांना डॉक्टर होता आले नव्हते.

बायबलचे भाषांतर तेव्हा अपुरे होते. आधीचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर, साध्या बायकांना न उमगणारे, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालवले होते. खिळे जुळवणे, छपाई ही कामे मुक्तीतल्याच बायका करत. मनोरमा गेल्यावरही ते थांबले नाही. जी वाक्ये दुसऱ्या कोणी वाचून दाखवली तर नीट ऐकूही आली नसती, ती त्या डोळ्यांनी तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. भाषांतर तोवर पुरे झाले होते.